मोफत साधने आणि घरातला एकच मोबाईल

मराठीत दोन शब्द आहेत, मोफत आणि फुकट. मोफत हा फारसीतल्या ‘मुफ्त’वरून आला. अर्थ दोन्हींचा जवळपास एकच, पण वापर वेगळा. शाळेत पुस्तके मोफत मिळतात आणि ती उघडली नाहीत तर वर्ष फुकट जाते. गेले वर्षभर आम्ही इंटरनेटवरची मोफत साधने वर्गात वापरून पाहत आहोत, आणि या दोन शब्दांमधले अंतर रोज जाणवते आहे. कोणते साधन कामाचे निघाले, कोणते बाजूला ठेवावे लागले आणि पालकांनी शिक्षकांना काय विचारावे, ते या महिन्यात सांगतो.

आमची शाळा उर्दू माध्यमाची, तालुक्याच्या गावातली. आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो. शाळेत संगणकाची खोली आहे, पण चावी, वीज आणि नेट या तिन्ही गोष्टी एकाच वेळी मिळाल्या तर तो दिवस ईदचाच समजायचा. त्यामुळे सगळी भिस्त मोबाईलवर. आणि मोबाईल म्हटला की वर्गाआधी घर पाहावे लागते. म्हणून एकही साधन निवडण्यापूर्वी आम्ही मुलांना चार साधे प्रश्न विचारले. घरात स्मार्टफोन किती? तो दिवसा घरात असतो का? रिचार्ज संपला तर पुन्हा कधी होतो? आणि फोन घरी आला की पहिल्यांदा कोणाच्या हातात जातो?

उत्तरे बहुतेकांची सारखीच होती. फोन एकच, तो अब्बांचा. अब्बा रिक्षावर, गॅरेजमध्ये किंवा भाजीच्या गाडीवर. सकाळी बाहेर पडलेला फोन इशानंतर घरी येतो. मग तो आधी थोरल्या भावाकडे, नंतर कार्टूनसाठी रडणाऱ्या धाकट्याकडे, आणि मुलीची पाळी येईपर्यंत दिवसाचे दीड जीबी संपलेले असते. आठवीतली एक मुलगी म्हणाली, “टीचर, आमच्याकडे फोन सगळ्यांचा आहे. फक्त अभ्यासाच्या वेळी तो भाईजानचा असतो.” वर्ग हसला. ती हसली नाही.

त्या दिवशी आम्ही एक निकष ठरवला. जे साधन या मुलीपर्यंत पोहोचत नाही, ते मोफत असले तरी आमच्या वर्गासाठी महाग आहे. पुढचे सगळे या एका मापाने मोजलेले आहे.

हात वर न करणारी मुले

प्रश्नमंजूषेची साधने सगळ्यांत लोकप्रिय. नॉर्वेमध्ये तयार झालेले ‘काहूट’ हे २०१३ पासून जगभरच्या वर्गांत खेळले जाते. मोठ्या पडद्यावर प्रश्न येतो आणि मुले आपापल्या मोबाईलवर रंगीत बटण दाबून उत्तर देतात. मुलांना भलतेच आवडते. पण त्याला प्रत्येक मुलाकडे किंवा निदान प्रत्येक गटाकडे फोन लागतो, आणि जो लवकर उत्तर देतो त्याला जास्त गुण मिळतात. आमच्या वर्गात फोन आणायला परवानगी नाही, आणि ती नसावी असेच आमचे मत आहे. शिवाय परक्या भाषेत वाचताना मुलाला थोडा वेळ लागतोच. घड्याळाची टिकटिक अशा मुलाचे उत्तर मारून टाकते. ते आम्ही बाजूला ठेवले.

त्याच्या जागी ‘प्लिकर्स’ घेतले. यात फोन फक्त शिक्षकाकडे असतो. मुलांना कागदावर छापलेले एकेक कार्ड मिळते. कार्डावर चौकोनी नक्षी असते, प्रत्येकाची वेगळी, आणि चार बाजूंना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी लिहिलेले असते. मुलाने आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड धरायचे. शिक्षकाने वर्गावरून फोनचा कॅमेरा फिरवला की कोणाचे उत्तर काय ते फोनवर उमटते. अक्षरे इतकी बारीक असतात की शेजाऱ्याला नक्कल करता येत नाही. ४० कार्डांचा संच मोफत उतरवून घेता येतो. आम्ही तो छापला, जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर चिकटवला, आणि वर्ष झाले तरी तोच चालू आहे. मोफत खात्यात प्रश्नांची मर्यादा असते, पण एका तासाला चार-पाच प्रश्न पुरतात.

याचा उपयोग कुठे झाला ते सांगतो. उर्दूत दोनच लिंगे आहेत, मराठीत तीन. उर्दूत ‘किताब’ स्त्रीलिंगी, मराठीत ‘पुस्तक’ नपुंसकलिंगी. आपल्या मुलांच्या तोंडी म्हणूनच ‘माझी पुस्तक’ येते. तोंडी विचारले की पुढच्या बाकावरची चार मुले ‘माझे पुस्तक’ असे बरोबर सांगतात आणि शिक्षकाला वाटते सगळ्यांना समजले. कार्डे वर झाली तेव्हा निम्म्याहून जास्त ‘माझी’कडे वळलेली दिसली. आम्ही तो धडा पुन्हा घेतला, या वेळी उर्दू आणि मराठी शब्द शेजारी शेजारी लिहून. कोण चुकले हे फक्त आमच्या फोनला कळले होते. कोणाची मान खाली गेली नाही. जी मुलगी वर्षभरात एकदाही हात वर करत नाही, तीही कार्ड वर करते. एवढ्यासाठी तरी हे साधन ठेवण्याजोगे आहे.

उर्दूची अडचण निराळी

‘गूगल फॉर्म’वर चाचणी घेणे सोपे आहे, असे मराठी आणि इंग्रजी माध्यमाचे शिक्षक सांगतात. त्यांच्यासाठी ते खरे आहे. उर्दूत मात्र दोन अडथळे येतात. पहिला लिपीचा. आपली उर्दू पुस्तके नस्तलीकमध्ये छापलेली असतात, पण फोनवर आणि संगणकावर उर्दू अनेकदा नस्खमध्ये दिसते. कुरआन शरीफ वाचणाऱ्या मुलांना नस्ख नवे नाही, पण उर्दू वाचायची सवय नस्तलीकची असल्यामुळे ती ओळीत अडखळतात. दुसरा अडथळा दिशेचा. उर्दू वाक्यात मध्येच आकडा किंवा इंग्रजी शब्द आला की ओळ विस्कटते, आणि वाक्याच्या शेवटचे प्रश्नचिन्ह सुरुवातीला जाऊन बसते.

यावर आम्हाला साधा उपाय सापडला. ‘नोटो नस्तलीक उर्दू’ नावाचा फॉन्ट गूगलने मोफत दिलेला आहे. गूगल डॉक्समध्ये तो निवडून, ओळीची दिशा उजवीकडून ठेवून प्रश्न लिहायचे आणि पीडीएफ करून छापायचे. फॉर्मच हवा असेल तर त्या प्रश्नाचे चित्र करून फॉर्ममध्ये टाकायचे. मुलाच्या डोळ्यांना सवयीचे अक्षर दिसले की चाचणी उर्दूची होते. नाहीतर ती फॉन्टची होऊन बसते.

आयतुल कुर्सीतली खुर्ची

आता सांगतो ते साधन दिसायला अगदी रुक्ष आहे, पण वर्षभरात सर्वांत जास्त आनंद त्यानेच दिला. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत जुने शब्दकोश मोफत वाचता येतात. मराठीचा मोल्सवर्थ कोश तिथे आहे, १८५७ ची दुसरी आवृत्ती. उर्दूचा प्लॅट्स कोशही तिथेच, १८८४ चा. खाते उघडायचे नाही, नाव-नंबर द्यायचा नाही, जाहिरात नाही. अर्थ इंग्रजीत आहेत, पण शब्दाचे मूळ अरबी, फारसी की संस्कृत ते बहुतेक ठिकाणी एका अक्षराने दाखवलेले आहे. एक फोन आणि एक फळा एवढ्यावर तास होतो.

आमच्या मुलांना मराठीची भीती वाटते. बाजारात ती मराठी बोलतात, पण वही उघडली की ती भाषा दुसऱ्यांची वाटू लागते. म्हणून आम्ही खेळ मांडला. मुलांनी मराठीच्या पुस्तकातून शब्द सुचवायचे आणि आपण दोन्ही कोशांत त्यांचे मूळ शोधायचे. वकील आणि तारीख निघाले अरबी. जमीन आणि बाजार फारसी. मग एका मुलाने विचारले, “टीचर, खुर्ची?” खुर्ची म्हणजे अरबी कुर्सी, आयतुल कुर्सीतली तीच. वर्गात क्षणभर शांतता झाली. रोज रात्री झोपताना जो शब्द पठणात येतो, तोच मराठीच्या धड्यात येऊन बसला होता, हे त्यांच्यातल्या कोणालाच माहीत नव्हते. त्यानंतर मुले घरून शब्द लिहून आणू लागली. अम्मीला विचारून, दादीला विचारून. मराठीच्या तासाला दादीचा शब्द येतो, हे आमच्या शाळेत नवीन होते.

याउलट प्रवासही मुलांना दाखवला. उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण, मराठीत ‘तालीम’ म्हणजे कुस्तीची जागा किंवा नाटकाची तयारी. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड. यातून आणखी एक गोष्ट आपोआप शिकवून झाली. फोनवरचे भाषांतर आंधळेपणाने उतरवून घ्यायचे नाही. उर्दूत ‘कल’ म्हणजे कालही आणि उद्याही. पालकांसाठीची सूचना यंत्राकडून उर्दूतून मराठीत करून घेतली आणि तपासली नाही, तर सभा होऊन गेली की व्हायची आहे हेच कळणार नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेची मोफत साधनेही आम्ही पाहिली. व्याकरणाचे सरावप्रश्न ती भराभर करून देतात, आणि शिक्षकाचा वेळ वाचतो. पण शेर विचारला की शेर एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, असे होते, आणि तेही पूर्ण खात्रीच्या सुरात. म्हणून प्रश्न त्यांचे घेतो, उत्तरे मात्र पुस्तकाची.

कागदावर उतरणारी साधने

ज्याचा कागद होतो ते साधन फोन नसलेल्या घरातही पोहोचते. ‘स्टोरीवीव्हर’ हे प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेले गोष्टींचे भांडार याच प्रकारचे. गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत, म्हणजे लेखक-चित्रकाराचे नाव ठेवून त्या छापता, वाटता आणि भाषांतरितही करता येतात. मराठी आहे, उर्दूही आहे, आणि काही गोष्टी दोन्ही भाषांत मिळतात. अशी जोडी मिळाली की आम्ही दोन्ही छापून देतो. सातवीपर्यंत उर्दू शिकलेली आई उर्दू प्रत वाचते, मुलगी मराठी प्रत वाचते, आणि अडलेला शब्द दोघी मिळून शोधतात. मराठी न येणारी आईही मग मराठीच्या अभ्यासाला बसते.

पाठ्यपुस्तक फाटले, भिजले, भावाने कुठे ठेवले ते सापडत नाही, अशा वेळी बालभारतीच्या संकेतस्थळावर उर्दू माध्यमाची पुस्तकेही पीडीएफमध्ये मोफत आहेत, हे अनेक पालकांना ठाऊक नसते. एकदा उतरवून ठेवले की पुन्हा नेट लागत नाही. पुस्तकातल्या क्यूआर कोडमागे ‘दीक्षा’ हे २०१७ च्या शिक्षकदिनी सुरू झालेले सरकारी व्यासपीठ आहे. त्यातले व्हिडिओ आधी उतरवून ठेवावेत, मग घरी रिचार्जची चिंता नाही.

विज्ञानाच्या आमच्या सहकाऱ्यांनी ‘फेट’ वापरले. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. पडद्यावर बॅटरी, तार, दिवा जोडून मुले मंडल तयार करतात. चुकीचे जोडले तर पडद्यावरच्या बॅटरीला आग लागते आणि हात मात्र भाजत नाही. अनेक प्रयोगांची फाइल उतरवून नेटशिवाय चालवता येते, आणि बऱ्याच प्रयोगांची मराठी भाषांतरे आहेत. गणितासाठी ‘जिओजेब्रा’ आहे, २००१ मध्ये ऑस्ट्रियातल्या मार्कुस होहेनवार्टर यांनी सुरू केलेले. त्रिकोणाचा कोपरा ओढून आकार कितीही बदला, तीन कोनांची बेरीज १८० अंशच राहते, हे मुले डोळ्यांनी पाहतात. दोन्ही साधने शिक्षकाच्या एका लॅपटॉपवर चालतात.

उच्चारासाठी फोनवरची आवाजी टंकलेखनाची सोय चांगली. मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांत ती २०१७ पासून आहे. आपल्या मुलांच्या तोंडी ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो. मूल ‘काळा’ म्हणायला गेले आणि फोनवर ‘काला’ उमटले तर ते स्वतःच थांबते आणि पुन्हा म्हणते. फोन कधीकधी अंदाजाने लिहितो, त्यामुळे ती परीक्षा समजू नये. पण फोन हसत नाही. वर्गासमोर वाचायला लाजणाऱ्या मुलाला एवढा आधार पुरतो.

पैसे नाही घेतले, तर काय घेतले?

कोणतेही साधन चालवायला खर्च येतो. फेटसारखे प्रकल्प देणग्या आणि अनुदानावर चालतात. काही कंपन्या मोफत भाग दाखवून पैशांचा भाग विकतात. काही मात्र आपल्या मुलाचे नाव, वय, फोन नंबर आणि तो काय पाहतो ही माहिती घेतात. म्हणून खाते उघडायला सांगणारे साधन आम्ही शेवटी पाहतो. प्लिकर्समध्येही मुलांची पूर्ण नावे न टाकता हजेरी क्रमांक टाकले, काम अडले नाही.

आपल्याकडे १३ वर्षांखालील मुलाला स्वतःच्या बळावर गूगल खाते उघडता येत नाही, पालकांच्या देखरेखीत उघडावे लागते. यावर सर्रास होणारा उपाय म्हणजे जन्मसाल मागे टाकणे. सहावीतल्या मुलाला शाळेच्या कामासाठी मोठ्यांनीच खोटे साल लिहायला लावले, तर इंटरनेटवरचा त्याचा पहिला धडा खोटेपणाचा होतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व ठेवले आहे. तेव्हा संमती देणे किंवा न देणे हा पालकांचा हक्क आहे, शिक्षकावर केलेली मेहरबानी नव्हे.

व्हॉट्सॲपच्या वर्गगटाचेही तसेच. गटात टाकलेला आईचा नंबर गटातल्या प्रत्येकाला दिसतो. त्यामुळे काही घरांनी मुलींची नावेच गटातून काढून घेतली, आणि गृहपाठही त्यांच्यापर्यंत पोहोचेना. ब्रॉडकास्ट यादी केली की हा प्रश्न सुटतो. पालकांनी शिक्षकाचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केला की निरोप थेट त्यांना जातो, आणि एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. आम्ही तसे केले तेव्हा गट सोडून गेलेल्या आया परत जोडल्या गेल्या.

पालकांशी दोन शब्द

आपल्या मुलांच्या शिक्षकांनी नवीन साधन सांगितले तर तीन प्रश्न जरूर विचारा. मुलाचा स्वतंत्र फोन नसेल तर हे चालेल का? खाते उघडावे लागेल का, आणि कोणाच्या नावाने? रात्री उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी काम दिले तर चालेल का? चांगला शिक्षक या प्रश्नांनी नाराज होणार नाही. गृहपाठाची मुदत फोन घरी येण्याच्या वेळेनुसार ठरवणे अवघड नाही. आमच्या वर्गात ती आता दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या तासापर्यंत असते, आणि वहीत लिहून आणलेले उत्तर फोनवरच्या उत्तराइतकेच मोजले जाते.

आणि एक मागणी आमचीही आहे. फोन घरी आल्यावरचा पहिला अर्धा तास मुलीला द्या. पहिला मुद्दाम म्हटले, कारण शेवटच्या अर्ध्या तासात नेट नसते, बॅटरी नसते आणि तिच्या डोळ्यांत झोप असते. भावाची परीक्षा असेल तर दोघांची वेळ कागदावर लिहून भिंतीवर लावा. जेवण वाढताना आपण सगळ्यांची ताटे मोजतो. फोनच्या बाबतीतही तशी मोजणी हवी.

आठवीतल्या त्या मुलीच्या घरी आम्ही गेलो होतो. तिच्या अब्बांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “टीचर, फोन तर मी घरी आल्यावर टेबलावरच ठेवतो. तो कोण उचलतो ते कधी पाहिले नव्हते.” आता ते घरी आल्यावर फोन आधी तिच्या हातात देतात. शब्दकोशाचा पत्ता तिने स्वतः शोधून ठेवला आहे, आणि दादीचे शब्द वर्गात सर्वांत जास्त तीच आणते.

आपल्या घरात कोणता शब्द उर्दूत एक आणि मराठीत दुसरा अर्थ सांगतो? मुलांना शोधायला लावा आणि आम्हाला कळवा. पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, त्या शब्दांवरच बोलू.